कुसुम, तुझ्या सैल पट्ट्या

कुसुम,

तुझी खाट काल खोलीतून बाहेर काढली. एका बाजूने हौसाबाईने धरली, दुसऱ्या बाजूने मी. दाराच्या चौकटीत ती अडकली तेव्हा आम्ही दोघी तिथेच तिच्या कडेवर टेकून बसलो. दवाखान्याने मोडीत काढलेली ती लोखंडी खाट, पांढरा रंग उडालेली. तिच्या पायांचे चार तांबडे डाग फरशीवर उमटले आहेत. लिंबू आणि राख लावून घासले. दोन गेले, दोन राहिले. एरवी मी ते सोडले नसते. काल सोडले. थकले आहे ग मी.

आज लिहायला बसले आहे ती नातवंडांसाठी. बोलणार तुझ्याशीच आहे, पण याची टाइप केलेली एक प्रत टोरांटोला जाईल आणि एक लीड्सला. त्यांना तार केली होती. तारेत तुझं नाव, आजार आणि वार एवढंच मावलं. परवा शेजारच्या वकिलांच्या घरी टोरांटोहून फोन आला. लेक रडत होती, मग तिने आशूच्या हातात फोन दिला. नऊ वर्षांची पोर, तिचं मराठी आता जरा अडखळतं. म्हणाली, "आजी, आत्याआजीने खूप लोकांना बरं केलं ना? म्हणून ती स्वर्गात गेली ना?"

लाइनमध्ये खरखर होती, वेळ संपत आली होती, वकिलांच्या घरची चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "हो बाळ."

फोन ठेवला आणि मला तुझा खोकला ऐकू आला. चर्चमध्ये उपासनेत पाळकांचं एखादं वाक्य पटलं नाही की तू दुसऱ्या बाकावरून खोकायचीस, तो. प्रवचन देणारा बिचारा दचकून पुढचं वाक्य विसरायचा. तुझ्या अंत्यविधीला तर तू किती वेळा खोकली असतीस! नव्या पाळकांनी वीस मिनिटं तुझी कामं सांगितली. क्षयाच्या वॉर्डातली तुझी वर्षं, दुष्काळात चालवलेला कांजीचा हंडा, अडलेल्या बायकांसाठी बैलगाडीतून केलेले प्रवास. शेवटी म्हणाले, "अशा सत्कृत्यांनी आपल्या या भगिनीने स्वर्गात आपली जागा मिळवली." मी शवपेटीकडे बघितलं. झाकण लावलेलं होतं तेच बरं.

म्हणून आशूला नीट उत्तर द्यायचं आहे. सगळं क्रमाने लिहायचं असं ठरवून मी मुद्दे काढले होते. तो कागद बाजूला ठेवला आहे. आपला वाद क्रमाने कधी चाललाच नाही.

मुलांनो, तुमच्या आया आणि बाबा लहान असताना दर बुधवारी दुपारी आपल्या ओसरीवर चर्चच्या मंडळीतल्या बायका जमायच्या. आधी प्रार्थना, मग एक गीत, मग जुनी धोतरं. घरोघरची आणि पेठेतल्या दुकानदारांकडची मऊ झालेली पांढरी धोतरं उकळून वाळवलेली असायची. ती चार बोटं रुंदीने फाडून पट्ट्या करायच्या आणि गुंडाळायच्या. दवाखान्यात जखमा बांधायला त्या लागत. तुमची आत्याआजी, म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, त्या मिशनच्या दवाखान्यात सिस्टर, म्हणजे नर्स, होती. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिली. पट्टी गुंडाळायला तिनेच मला शिकवलं. एक टोक मांडीवर दाबायचं, दुसरं ताणून धरायचं, कडा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. आठवड्याभरात मी तिच्याहून घट्ट गुंडाळायला लागले. मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस होते मी. माझ्या पट्ट्या डब्यात उभ्या केल्या तर एकसारख्या उंचीच्या दिसत.

आणि त्या धोतरांच्या ढिगाशी बसून आपण भांडायचो, कुसुम. शास्त्रात दोन प्रेषितांची दोन पत्रं आहेत. एक सांगतो की माणसाचं तारण विश्वासाने होतं, त्याच्या कामाने नाही. दुसरा विचारतो की ज्या विश्वासातून काही काम निघत नाही तो कसला विश्वास. पहिल्याला आपण 'तुझं पत्र' म्हणायचो आणि दुसऱ्याला 'माझं पत्र'. बाकीच्या बायका ऐकत बसायच्या आणि चहाची वाट बघायच्या.

"वहिनी, तू मुलींना मार्क देतेस ना, म्हणून तुला वाटतं देवही पेपर तपासत बसलाय," तू म्हणायचीस.

"आणि तू काय, पेपर न लिहिताच पास करणार?"

"मी कोण पास करणारी? मी वॉर्डात काय करते सांगू? माणूस उचलून आणतात, मी त्याला खाटेवर घेते. मग तो बरा होतो, मग चालतो. आधी चालून दाखव, मग खाट देते, असं मी कुणाला म्हटलंय का?"

बायका माना हलवायच्या. मला राग यायचा, कारण उदाहरण चांगलं होतं. मग एका बुधवारी मलाही सुचलं. मी विचारलं, "बरा झालो म्हणणारा माणूस आयुष्यभर त्या खाटेवरच पडून राहिला तर? तो बरा झाला असं तू म्हणशील?"

तू हातातली पट्टी थांबवलीस. पहिल्यांदाच. मग घड्याळ बघून उठलीस. "ड्यूटी आहे. याचं उत्तर पुढच्या बुधवारी."

पुढच्या बुधवारी कुणाची तरी सोयरीक निघाली, त्याच्या पुढच्या बुधवारी पाऊस होता. ते उत्तर तू मला दिलंच नाहीस.

किती विचित्र आहे बघ. काम काही कामाचं नाही म्हणणारी तू दिवसाला बारा तास राबायचीस, आणि कामाशिवाय तरणोपाय नाही म्हणणारी मी पाच वाजता शाळा बंद करून घरी यायचे. तुझे दादा, म्हणजे मुलांचे आजोबा, म्हणायचे, "तुम्ही दोघींनी पत्रं बदलून घ्या."

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं तिथे येते. इथे माझा हात जड झाला आहे.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कळंब्याच्या तुरुंगातून एक कैदी तुझ्या वॉर्डात आणला होता. क्षय शेवटच्या थराला गेलेला. दाराशी एक पोलीस स्टुलावर बसून असायचा. माणूस मलकापूरकडचा, शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाचा जीव घेतलेला. त्याच्या आईने निरोप पाठवला होता की मला दोन्ही पोरं मेली. सतरा नंबरची खाट होती, म्हणून तुम्ही त्याला सतरा नंबरच म्हणायचा. तू घरी येऊन त्याच्याबद्दल सांगायचीस. तो बोलत नाही म्हणून सांगायचीस, मग बोलायला लागला म्हणून सांगायचीस.

एक दिवस त्याने तुला विचारलं, "सिस्टर, तुमच्या देवाजवळ मी गेलो तर मला घेईल का त्यो? म्या चांगलं काय बी केल्यालं न्हाय. आन आता कराय हात न्हाईत." त्याचे हात चादरीवर नुसते पडलेले असत, तू सांगितलं होतंस.

तू म्हणालीस, "घेईल."

"बगा हं. न्हायतर तिथं जाऊन माघारी यायचो."

"माघारी आलास तर मी आहे की इथं."

हे सांगताना तू हसली होतीस. दोन दिवसांनी पहाटे त्याची लक्षणं बघून पाळकांना बोलवायला माणूस धाडलास. पाळक जयसिंगपूरला गेले होते, संध्याकाळी येणार होते. तेवढा वेळ नव्हता. तू स्वतःच त्याला बाप्तिस्मा दिलास. हौसाबाई तेव्हा वॉर्डात आया होती. तिने वाटी धरली. सकाळी नऊला तो गेला.

तुरुंगवाल्यांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. मंडळी त्याला आपला म्हणून आपल्या दफनभूमीत जागा देणार, की ते त्याला बेवारशांच्या जागेत पुरणार? मंडळीच्या वडिलांची, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांची, सभा चार वाजता आपल्याच दिवाणखान्यात भरली, कारण तुझे दादा सभेचे चिटणीस होते. मी आत चहा करत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

तुला आत बोलावलं. सर्वांत वयस्क गृहस्थांनी गंभीरपणे विचारलं, "सिस्टर, आपण कोणत्या पाण्याने बाप्तिस्मा दिलात?"

त्यांना विचारायचं होतं ते अधिकाराबद्दल, पाळक नसताना बाप्तिस्मा द्यायचा हक्क कुणाचा ते. तू उत्तर दिलंस, "उकळून गार केलेल्या. क्षयाचा वॉर्ड आहे तो."

कुणी हसलं नाही. मी आत हसले, मग माझ्या हातून कपाला चीर गेली.

सहा वडिलांत तीन या बाजूला, तीन त्या बाजूला. पाळक गावात नव्हते. शेवटचं, सातवं मत दादांचं होतं. मी तेव्हा चहा घेऊन दारात आले होते. दादा म्हणाले, "मला वाटतं, नाही." तू त्यांच्याकडे बघत राहिलीस. म्हणालीस, "दादा, अरे, त्याला अजून काय करायला हवं होतं?" तू चप्पल घालून निघून गेलीस.

त्या संध्याकाळी तुरुंगाच्या गाडीमागून तू आणि हौसाबाई अशा दोघीच चालत गेलात. हौसाबाई कळंब्याची, शेतकऱ्याच्या घरातली, कपाळभर कुंकू लावणारी. तिला आपल्या पत्रांचं काही देणंघेणं नव्हतं. परत आल्यावर ती ओसरीवर उभी राहून दादांना म्हणाली, "माणूस मेल्यावर मापं कसली काढताय वो, साहेब?" आणि पाणीही न घेता गेली.

त्यानंतर तू दुसरा बाक सोडलास. शेवटच्या बाकावर, पेशंटच्या नातेवाइकांत बसायला लागलीस. दादांशी मीठमिरचीचं बोलायचीस, पण दोघं भावंडं पूर्वी जशी एका ताटात खात गप्पा मारायची, ते गेलं. पुढे कधी ते परत आलं नाही. दादा आजारी पडले तेव्हा तू त्यांचं सगळं केलंस, शेवटची अंघोळही तूच घातलीस. पण त्या दिवसाबद्दल तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत.

कुसुम, ते 'नाही' माझं होतं.

दुपारी एकला दादा जेवायला आले होते. भाकरी मोडून तशीच ठेवली होती त्यांनी. म्हणाले, "काय करू? मला वाटतं, द्यावी जागा. कुसुमनं एवढं केलंय तर." मी तव्यावरची भाकरी उलटत होते. मी म्हटलं, "आपण सहा सहा महिने बाप्तिस्म्याचा वर्ग घेतो तो कशाला मग? जन्मभर हवं ते करायचं आणि शेवटच्या सकाळी वाटीभर पाण्यात सुटायचं? उद्या माझ्या मुलींना मी काय शिकवू?" शांतपणे, मुद्देसूद बोलले मी. दादांनी मोडलेली भाकरी जवळ ओढली. जेवून उठले.

सभेचा अहवाल मी लिहिला. दादांचं अक्षर कुणाला लागायचं नाही, म्हणून अहवाल नेहमी मीच उतरवून काढायची. पण त्यातलं 'उमेदवाराच्या जीवनात विश्वासाची फळे दिसून आली नाहीत' हे वाक्य कुणी सांगितलेलं नव्हतं. ते माझं. चार दिवसांनी तू ती वही उघडून वाचलीस, मिटून ठेवलीस आणि म्हणालीस, "अक्षर सुंदर आहे, वहिनी."

मला तेव्हा वाटलं, तुला कळलं. मग वाटलं, नाही. तू दादांवरच रागावून राहिलीस, आणि मी तुला राहू दिलं.

दादांनी शेवटच्या आजारात मला विचारलं होतं, "तिला सांगून टाकू या का ग?" मी म्हटलं, "आता कशाला?" त्यांनी डोळे मिटले. माझ्या वाट्याचा राग ते बरोबर घेऊन गेले.

मुलांनो, तुमची आजी नेमकी, शिस्तीची, खरं बोलणारी असं तुम्हाला वाटतं. म्हणून हे तुमच्यासमोर लिहिते आहे.

गेल्या वर्षी तुला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले की समजतं आहे, पण शब्द येत नाहीत. पाणी मागता येईना तुला, माझं नाव घेता येईना. मात्र सकाळी मी प्रभूची प्रार्थना सुरू केली की तू ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही शब्द न चुकता म्हणायचीस, आणि 'आमेन' झालं की पुन्हा मुकी. पहिल्या दिवशी मी प्रार्थना अर्धी सोडून तुझ्याकडे बघतच राहिले.

भिंतीवर मी टाइमटेबल लावलं. सहाला चहा, सातला अंग पुसणं, आठला कूस बदलणं, औषधं, पेज, कूस, दुपारची झोप, कूस. हौसाबाई रिटायर झाली होती. ती रोज कळंब्याहून बसने यायची, तिला कुणी बोलावलं नव्हतं. आठ महिने आम्ही दोघींनी ते टाइमटेबल चालवलं. आणि तू खाटेवर. रोज सकाळी तुला पुसताना मला माझाच प्रश्न आठवायचा. खाटेवरच पडून राहिला तर? उत्तर आता माझ्यासमोर निजलं होतं. मला ते वाचता येत नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात तू चादरीची किनार दातांत धरून डाव्या हाताने फाडलीस. मी ओरडले. नवी चादर होती. हौसाबाई खाटेशी आली, तुझ्या हातातली चिंधी बघितली आणि म्हणाली, "अवो बाई, पट्ट्या पायजेत त्यास्नी. हात सळसळाय लागलाय."

जुनं धोतर काढून तिने पट्ट्या फाडून दिल्या. तू एक टोक हनुवटीखाली दाबलंस आणि डाव्या हाताने मांडीवर गुंडाळायला लागलीस. एक पट्टी व्हायला अर्धा तास. मधूनच पोट फुगलेली, कडा वरखाली, घाईत बांधलेल्या फेट्यासारखी. दिवसाला तीन, कधी दोन. तयार झाली की उशाशी ठेवायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. मी म्हणायची, "छान." शाळेत मी खोटं 'छान' कधी कुणाला म्हटलं नव्हतं.

कारण दुपारी तू झोपलीस की मी त्या सगळ्या सोडवायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. घट्ट. दवाखान्यात पाठवायच्या तर नीट असलेल्या बऱ्या, असा माझा हिशेब. पाचव्या की सहाव्या दिवशी माझ्या मांडीवर अर्धी सुटलेली पट्टी होती आणि मी वर बघितलं तर तू जागी होतीस. किती वेळ बघत होतीस कोण जाणे. रागावली नाहीस. भिंतीकडे तोंड केलंस.

दुसऱ्या दिवशी तू पट्टीला हात लावला नाहीस. तिसऱ्या दिवशीही नाही. प्रार्थनाही म्हटली नाहीस. मी म्हणायची, तू ओठ मिटून. मला भीती वाटली ती तेव्हा. झटक्याची वाटली नव्हती एवढी. जिने जन्मभर विश्वास पुरे म्हटलं, तिचा तो माझ्यामुळे सुटला की काय?

हौसाबाईला मी सांगितलं नव्हतं, तिने ओळखलं. मोरीत भांडी घासता घासता म्हणाली, "त्या माउलीच्या हातातनं काढून घेतलासा तुम्ही."

"काढून नाही घेतलं. नीट केलं."

"त्येच की."

"दवाखान्यात वापरायच्या असतात त्या, हौसाबाई."

"वापरतील न्हायतर टाकतील. तुम्ही कोण? त्यांनी काय दवाखान्यासाठनं केल्यात व्हय? लेकरू आईला चिखलाचा लाडू देतंय, तवा आई काय चाखून बघती का वो?" आणि मग घासणी आपटून, "इतकी इंग्लिश शिकलासा!"

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले. त्या बाईने आपल्या दोघींची पत्रं कधी उघडलेली नव्हती.

त्या बुधवारी दुपारी मी तुझ्याजवळ स्टूल घेतलं. उजवा हात पाठीमागे धरला, पट्टीचं टोक हनुवटीखाली दाबलं आणि डाव्या हाताने गुंडाळायला लागले. ती घरंगळली, खाटेखाली गेली, सगळी सुटली. पुन्हा केली. पुन्हा सुटली. माझ्या हनुवटीला घाम आला. तू तोंड वळवलंस. आधी बघत राहिलीस, मग तुझ्या तोंडाची चांगली बाजू हलली आणि तू हसलीस, आवाज काढून. मग डावा हात पुढे केलास. मी पट्टी दिली. तू ती माझ्या मांडीवर ठेवून मला दाखवलंस, कुठे दाबायचं, कुठे सोडायचं. पुन्हा शिकवलंस मला. माझी झालेली पट्टी तुझ्याहूनही वाईट होती. तू ती उचलून तुझ्या पट्ट्यांत, उशाशी ठेवलीस.

दुसऱ्या सकाळी तू प्रार्थना म्हटलीस.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या दुपारी, तुझा हात माझ्या हातावर होता तेव्हा. 'कुसुम, ते नाही माझं होतं' एवढंच वाक्य. मी मनात जुळवत होते, तेवढ्यात तुझी कूस बदलायची वेळ झाली. मग पेज. मग उद्या. पुढे पाच महिने होते माझ्याजवळ. टाइमटेबलात रोज सगळं बसलं, हे बसलं नाही. तुझं सगळं नीट करते आहे, यातच ते फिटतं असं मी स्वतःला सांगत होते. रोज दोनदा चादर बदलली की जरासं फिटतं. तुझ्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही की जरासं फिटतं. ते फिटत नव्हतं. मी आणखी थकत होते, एवढंच.

तू गेलीस ती बुधवारी दुपारी. मी शेजारच्या खोलीत तुझ्या उशांचे अभ्रे इस्त्री करत होते. हौसाबाईने हाक मारली तेव्हा तुझ्या हनुवटीखाली पट्टीचं टोक होतं.

आता सांगायला तू नाहीस, दादा नाहीत. तो माणूस कुठे पुरला ती जागाही हौसाबाईला आता ओळखू येत नाही. तिथे झुडपं माजली आहेत, म्हणाली. मी विचारलं होतं. एखादा दगड तरी बसवावा असं मनात होतं. तेही काम उरलं नाही माझ्यासाठी. त्याचं वाक्य मला रात्रंदिवस आठवतं आहे: आता कराय हात न्हाईत. माझे दोन्ही हात धड आहेत, कुसुम, आणि या बाबतीत त्यांना करण्यासारखं काहीच नाही. मला आता फक्त विचारता येतं, त्याने विचारलं तसं. घेईल का?

मला माहीत आहे, तू काय म्हणाली असतीस. तू एकाच शब्दात सांगितलं असतंस आणि ड्यूटीवर गेली असतीस.

तरी माझं पत्र मी टाकून दिलेलं नाही हं. शिकवायची वेळ आली तर मुलांना मी अजूनही सांगेन की उठा, कामाला लागा, नुसतं मानून कुणाची जखम बांधली जात नाही. पण आशू, फोनवर मी तुला जे 'हो' म्हटलं ते चुकलं. आत्याआजीने पुष्कळ लोकांना बरं केलं हे खरं आहे. त्यासाठी देवाने तिला घेतलं, असं नाही. तिला त्याने आधीच घेतलं होतं, आणि हे तिला माहीत होतं. म्हणून तिचे हात गप्प बसत नव्हते. एक हात राहिला तेव्हाही बसला नाही. माझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर हेच असावं असं मला वाटतं. तिला विचारता आलं असतं तर खात्री केली असती.

आज सकाळी तुझ्या उशाशी राहिलेल्या पट्ट्या पिशवीत भरल्या. सगळ्या सैल. त्यांत माझी ती एक. भरताना हात शिवशिवत होते, पण एकही सोडवली नाही. हौसाबाई दारात कमरेवर हात ठेवून लक्ष ठेवून होती. "चला आता," म्हणाली, "न्हायतर परत बसशीला उकलत."

रिक्षाने दवाखान्यात गेलो. तुझ्या वॉर्डात आता एक तरुण सिस्टर आहे, तुला तिने पाहिलेलं नाही. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "या नीट गुंडाळलेल्या नाहीत. अशाच घ्याल का?"

तिने एक हातात घेतली, दाबून बघितली. जंतू मारायच्या वाफेच्या यंत्रात घालायचा पत्र्याचा ड्रम तिथेच उघडा होता. त्यात ती एकेक टाकायला लागली. "घेते की आजी," म्हणाली, "सैलच बऱ्या. घट्ट असल्या की वाफ आतपर्यंत पोचत नाही."

हे खरंच तसं असतं, की म्हाताऱ्या बाईचं तोंड बघून ती बोलली, हे मला ठाऊक नाही. तू असतीस तर सांगितलं असतंस. दारापर्यंत गेले, मागे वळून विचारावं असं फार वाटलं.

विचारलं नाही, कुसुम. हौसाबाईच्या हाताला धरून पायऱ्या उतरले आणि घरी आले.